पन्नास लाखांवर उठायचं की खेळायचं?

अमरावती

प्रिय सुमे,

तुझा निरोप मिळाला. परतवाड्याच्या भाच्याला ‘कोण होणार करोडपती’साठी नाव नोंदवायचंय, आणि भाऊजी मेलबर्नहून सांगतायत की ही सगळी सेटिंग असते, पोरानं अभ्यासाला लागावं. मध्ये सापडलीस तू. मी हा खेळ हिंदीतल्या पहिल्या पर्वापासून बघतेय, त्यात जन्म गेला गणित शिकवण्यात, म्हणून तू मला विचारलंस ते बरं केलंस. या विषयावर मला कुणीतरी विचारावं असं फार दिवस वाटत होतं.

भाऊजींचा संशय अगदीच हवेतला नाही, हे त्यांना आधी सांग. अशी फसवणूक खरोखर झालेली आहे. अमेरिकेत १९५५ साली ‘द ६४,००० डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ ‘ट्वेंटी-वन’ आला. स्पर्धक काचेच्या बंद खोक्यात उभा, कानावर हेडफोन, कपाळावर घाम, आणि सगळा देश श्वास रोखून बघतोय. पुढे उघड झालं की उत्तरं आधीच दिलेली असायची, एवढंच नाही, तर अडखळायचं कुठे आणि घाम कसा टिपायचा हेसुद्धा शिकवलेलं असायचं. ‘ट्वेंटी-वन’मध्ये हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा स्पर्धक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. निर्मात्यांना तो नकोसा झाल्यावर त्याला मुद्दाम चुकायला लावलं. प्रश्न होता १९५५ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कुणाला मिळालं याचा. उत्तर ‘मार्टी’, आणि तो तर त्याचा आवडता सिनेमा! तरी बिचाऱ्यानं ठरल्याप्रमाणे ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हटलं. त्याला हरवून पुढे गेला चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, दिसायला देखणा, घराणं साहित्यिकांचं. त्यानं १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सगळं कबूल केलं, आणि पुढच्याच वर्षी असले खेळ आधी ठरवून खेळवणं हा कायद्यानं गुन्हा झाला. व्हॅन डोरेननं आपल्या विद्यार्थ्यांचा विश्वास घालवला याचं मला आजही वाईट वाटतं. शिकवणाऱ्या माणसानं ते करायला नको होतं.

पण सुमे, त्या निर्मात्यांना हे सगळं का करावं लागलं, ते बघ. त्यांच्या खेळात नाट्य नव्हतं. माणसाला एकतर उत्तर येतं, नाहीतर येत नाही; त्यात बघण्यासारखं काय? म्हणून घाम उसना आणावा लागला. आपण बघतो त्या खेळाचे नियम मात्र असे बांधलेत की घाम आपोआप फुटतो. भाऊजींना माझं उत्तर हेच आहे. या खेळाला लबाडीची गरजच पडत नाही, सगळं नाट्य त्याच्या आकडेमोडीत आहे.

हा खेळ इंग्लंडचा. डेव्हिड ब्रिग्ज, माइक व्हाइटहिल आणि स्टीव्हन नाइट या तिघांनी तो रचला. (यातल्या नाइटनं पुढे ‘पीकी ब्लाइंडर्स’ ही मालिका लिहिली, तुझ्या लेकाला सांग.) मसुद्यातलं नाव होतं ‘कॅश माउंटन’. ४ सप्टेंबर १९९८ ला आयटीव्हीवर तो ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ म्हणून आला, सूत्रसंचालक ख्रिस टॅरंट. तुमच्या ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये एडी मॅग्वायर घेऊन आला. आपल्याकडे ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’. मराठीत २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’, सचिन खेडेकरांसह. मग २०१९ ला सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’, तेव्हा नागराज मंजुळे होते, आणि नंतर पुन्हा खेडेकर.

आता नियमांतली खुबी सांगते. भाच्याला हे वाचून दाखव.

पहिली गोष्ट, चार पर्याय. ते मदतीसाठी दिलेत असं वाटतं, पण पर्याय नसताना माणूस सरळ ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. चार नावं समोर आली की त्यातलं एक ओळखीचं वाटायला लागतं, दुसरं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, आणि अर्धवट माहितीला आशा फुटते. प्रश्न काढणाऱ्याचं सगळं कसब इथं लागतं. चुकीचे तीन पर्यायसुद्धा बरोबर वाटतील असे हवेत. चारही राजे एकाच काळातले, चारही नद्या एकाच खोऱ्यातल्या. मी बहुपर्यायी प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, म्हणून सांगते, बरोबर उत्तर लिहायला मिनिट लागतं आणि चुकीची तीन शोधायला दुपार जाते.

दुसरी गोष्ट सगळ्यात मोठी. प्रश्न आणि पर्याय वाचल्यानंतर खेळ सोडून जिंकलेले पैसे घेऊन उठता येतं. एवढा एक नियम काढून टाकलास तर उरते फक्त परीक्षा. या नियमामुळे स्पर्धकाला दर वेळी दोन प्रश्नांना सामोरं जावं लागतं. एक पडद्यावरचा आणि एक स्वतःला विचारायचा, की मला हे किती खात्रीनं माहीत आहे? माझ्या मते खरा खेळ या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे शिडी आणि तिच्यातले पडाव. पहिल्या पर्वाची शिडी घेऊ, ती मला तोंडपाठ आहे. १,००० पासून सुरुवात, पाचव्या प्रश्नाला १०,०००, तिथून दुप्पट होत होत दहाव्याला ३,२०,०००, मग ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख आणि पंधराव्याला एक कोटी. पाचवी आणि दहावी पायरी पक्की. एकदा तिथं पोचलं की पुढे चुकलं तरी तेवढे पैसे आपलेच.

समज, भाचा ६,४०,००० वर बसलाय आणि पुढचा प्रश्न १२,५०,००० चा आहे. बरोबर आलं तर ६,१०,००० ची भर. चुकलं तर खाली ३,२०,००० वर. काहीच माहीत नसताना डोळे मिटून एक पर्याय निवडला, तर सरासरीनं हातात येतात साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे उठलेलंच बरं. पण दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर तीच सरासरी पावणेआठ लाखांच्या वर जाते आणि गणित म्हणतं, खेळ. आता त्याआधीचा, अकरावा प्रश्न बघ. हातात ३,२०,००० आहेत आणि तेवढेच पक्के आहेत. चुकलं तरी एक रुपया जात नाही. तिथं काही येत नसलं तरी उत्तर द्यायचंच. सहाव्या प्रश्नाचंही तसंच. आणि मी पाहिलंय गं, नेमके तिथेच माणसं घाबरून लाइफलाइन खर्च करतात.

आणि आता शेवटची पायरी. हातात ५० लाख, प्रश्न एक कोटीचा, चुकलं तर थेट ३,२०,०००. एका अक्षरावर ४६,८०,००० रुपये! दोन पर्यायांवर आलेल्या माणसाची सरासरी काढलीस तर ती येते ५१,६०,०००. म्हणजे कागदावर खेळणं किंचित फायद्याचंच. पण सरासरी मिळते हजार वेळा बसणाऱ्याला, आणि या खुर्चीवर माणूस बसतो एकदाच. पहिल्या ५० लाखांत घर होतं, मुलीचं शिक्षण होतं, डोक्यावरचं कर्ज फिटतं. दुसऱ्या ५० लाखांत तेच घर दुसऱ्यांदा होत नाही. वर्गात अपेक्षित मूल्य शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण कधी मिळालं नाही. पोरं हिशोब करून झाल्यावर गप्प व्हायची आणि मग वाद घालायला लागायची. काही म्हणायची खेळायचं, पण आईला विचारून. मला तो तास फार आवडायचा.

यावर प्रकाश आणि संगीताची जोड. कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांनी केलेलं ते संगीत वरच्या प्रश्नांना दर पायरीगणिक अर्ध्या स्वरानं चढत जातं. आपल्याला कळत नाही, पण छातीला कळतं. आणि वेळ! मूळ खेळात घड्याळच नव्हतं, माणूस हवा तेवढा विचार करू शकत असे. आपल्याकडे नंतर घड्याळ आलं, पण ते खालच्या प्रश्नांसाठी. वरच्या प्रश्नांना अजूनही मोकळा वेळ मिळतो, आणि ते फार शहाणपणाचं आहे. तुमच्याकडे २००९ मध्ये ‘हॉट सीट’ हा जो अवतार निघाला, सहा स्पर्धक, नको असलेला प्रश्न पुढच्याकडे ढकलायचा, आणि शेवटी खुर्चीत असेल त्यालाच पैसे, तो वेगवान होता, पण माझं मन त्यात रमलं नाही. मला माणूस विचार करताना बघायचा असतो. एरवी कुठे दिसतं गं ते? मुलांना फळ्यापाशी उभं करून मी आयुष्यभर सांगत आले, उत्तर नको, तू कसा विचार केलास ते मोठ्यानं बोल. आणि इथं एक अनोळखी माणूस कोट्यवधी लोकांसमोर तेच करत असतो. ‘हे नसेल, कारण ते त्याच्या आधीचं आहे… हे असू शकेल…’

लाइफलाइनचंही ऐक. प्रेक्षकांचा कौल, मित्राला फोन आणि ५०-५०, या मूळच्या तीन. नंतर नवीन आल्या, गेल्या, नावं बदलली. प्रेक्षकांचा कौल लोक उगाच कमी लेखतात. जेम्स सुरोविएकी या अमेरिकी लेखकानं २००४ च्या आपल्या पुस्तकात तिथल्या खेळाचा हिशोब दिलाय. फोनवरचा जाणकार मित्र ६५ टक्के वेळा बरोबर आणि प्रेक्षक ९१ टक्के वेळा! कारण साधं आहे. ज्यांना येत नाही त्यांची मतं चारही पर्यायांत विखुरतात, ज्यांना येतं त्यांची एकाच ठिकाणी पडतात, आणि तो खांब वर येतो. पण हे सोप्या-मध्यम प्रश्नांपुरतं. वरच्या प्रश्नाला जाणकारच कमी असतात, आणि सगळ्यांचा गैरसमज सारखा असेल तर चुकीचाच खांब उंच होतो. म्हणून भाच्याला म्हणावं, हा कौल शेवटासाठी साठवून ठेवू नकोस.

फोनची गोष्ट निघाली म्हणून सांगते. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत जॉन कारपेंटर दहा लाख डॉलरच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोचला. तिथं त्यानं वडिलांना फोन लावला आणि म्हणाला, मला मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढंच सांगायचं होतं. प्रश्न ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात दिसलेल्या राष्ट्राध्यक्षांचा होता, उत्तर रिचर्ड निक्सन. मला तो प्रसंग आठवला की अजून भरून येतं.

लबाडी या खेळातही झाली, पण ती स्पर्धकाकडून. सप्टेंबर २००१ मध्ये लंडनजवळ चार्ल्स इंग्राम नावाचा लष्करी मेजर दहा लाख पौंडांपर्यंत गेला. तो पर्याय मोठ्यानं वाचायचा, आणि बरोबर पर्यायाला मागे बसलेला दुसरा एक स्पर्धक खोकायचा. शेवटचा प्रश्न माझ्या विषयातला होता. एकावर शंभर शून्यं म्हणजे कोणती संख्या? इंग्राम म्हणाला, गूगॉल हे नाव मी ऐकलेलंच नाही, आणि मग गूगॉलवरच गेला! २००३ मध्ये तो, त्याची बायको आणि खोकणारा, तिघंही न्यायालयात दोषी ठरले. पैसे दिले गेलेच नाहीत. भाऊजींना हे जरूर सांग. लबाडी पकडली ती खेळ चालवणाऱ्यांनीच.

मग इतके पैसे येतात कुठून, हा त्यांचा दुसरा प्रश्न असेल. मुख्यतः जाहिरातींतून आणि प्रायोजकांकडून, पण फोन आणि मेसेजमधूनही. इंग्लंडमध्ये भाग घेण्यासाठी जादा दराचा फोन करावा लागे आणि त्या पैशांचा बक्षिसांना मोठा हातभार लागे. आपल्याकडे शाहरुख खानच्या २००७ च्या पर्वात घरबसल्या खेळायची एक स्पर्धा होती, एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. ग्राहक संघटना त्याविरुद्ध गेली, राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये एक कोटीचा दंड लावला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. माझं मत विचारशील तर जाहिरातीचा पैसा मला चालतो. घरबसल्या माणसाच्या आशेतून मेसेजमागे पैसे काढणं मला पटत नाही.

आणि करही कापला जातो, हे भाच्याच्या आईला आधीच कळू दे. बक्षिसाला ना किमान सूट, ना खर्चाची वजावट. सरळ ३० टक्के, वर अधिभार आणि उपकर. एक कोटीतले हातात येतात साधारण ६५ लाख.

आता आपल्या माणसांकडे येते. आपल्याकडचा खेळ उभा केला तो सिद्धार्थ बसूंनी. दूरदर्शनवरचं त्यांचं ‘क्विझ टाइम’ आठवतं? १९८५ चं. तेव्हा क्विझ म्हणजे इंग्रजी कॉलेजातल्या चटपटीत पोरांचं काम, बझर आधी दाबायचा आणि फाडकन उत्तर द्यायचं. करोडपतीनं तो खेळ हिंदीत आणला आणि वेग काढून घेतला. समोर बच्चनसाहेब वडीलधाऱ्यासारखे बसलेले. प्रश्न पडद्यावर लिहिलेला, पुन्हा वाचून दाखवलेला. पाणी पुढे केलेलं. ज्याला जन्मात कुणी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं नव्हतं, त्यालाही बोलायला जागा झाली. ऑक्टोबर २००० मध्ये पहिला करोडपती झाला तो आपला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, प्रशासकीय सेवेची तयारी करणारा मुलगा. त्याचा शेवटचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कुणाला देते. उत्तर, अ‍ॅटर्नी जनरल. २०११ मध्ये, शिडी एक कोटीच्या वर गेल्यावर, बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. रोजगार हमीच्या कामात संगणक चालवायचे. नंतरची वर्षं आपल्याला किती जड गेली ते त्यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिलं, आणि मग ते झाडं लावण्यात, शिकवण्यात रमले. इतका मोठा पैसा एका रात्रीत आला की कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. याची व्यवस्था खेळ चालवणाऱ्यांनी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या, अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे! शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला १,५०० रुपये मानधन. जिंकलेल्या पैशातून काय घेणार असं विचारल्यावर म्हणाल्या, मोबाइल, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच होता. त्या एक कोटी जिंकल्या. आपल्याकडे त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मला मात्र पैशांपेक्षा त्यांचं बसणं आठवतं. घाई नाही, माहीत आहे तिथं ठाम आणि सात कोटींचा प्रश्न आल्यावर नीट विचार करून, हात जोडून उठणं. त्या बाईंनी किती वर्षं, किती स्वयंपाक करता करता वाचलं असेल! हुशार माणसं आपल्या गल्लीत किती आहेत ते आपल्याला दिसत नाही, कारण त्यांना कुणी चार प्रश्न विचारत नाही. म्हणून या खेळावर माझा जीव आहे.

तर भाच्याला नाव नोंदवू दे. नोंदणी, मग काही प्रश्न, निवड चाचणी, मुलाखत, आणि एवढं झाल्यावरही ‘फास्टेस्ट फिंगर’ची चाळणी. बोटाच्या वेगाचा सराव करावा लागेल, चार गोष्टी क्रमानं लावायच्या असतात. रोज वर्तमानपत्र वाचताना घरच्या कुणाला तरी प्रश्न विचारायला सांग आणि त्यानं उत्तर न देता विचार मोठ्यानं बोलावा. फोनसाठी ज्याला नेमायचं, तो तीस सेकंदांत थेट अक्षर सांगणारा हवा, प्रेमानं चौकशी करणारा नको. किती रकमेला उठायचं, हे घरून निघण्याआधी आईशी बोलून कागदावर लिहून ठेवावं. दिव्यांखाली बसल्यावर ठरवायला जाऊ नये.

एक सांभाळायचं. तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी एवढे रुपये भरा, असे या कार्यक्रमाच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात. बच्चनसाहेबांचा फोटोही असतो. ते सगळे चोर आहेत. खऱ्या कार्यक्रमात एक पैसा भरावा लागत नाही. तुझ्या वहिनीला हे तू स्वतः फोन करून सांग, ती भोळी आहे.

आणि पोराला दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे पाठवायला सांग. परतवाड्याहून एसटी आहेच. शिडीचं गणित मी करून घेते, इतिहासासाठी शेजारच्या देशमुख सरांना विचारून ठेवलंय.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
कुंदा